मूल मागे पडते आहे काय?

घरात मूल जन्मास आले म्हणजे त्याच्याभोवती अपेक्षांचे एक लहानसे पंचांगच तयार होते. मान केव्हा सावरेल, पालथे केव्हा पडेल, उष्टावण केव्हा करावयाचे, पहिले पाऊल केव्हा पडेल, 'आई' अशी पहिली हाक केव्हा ऐकू येईल, याची वाट सारे घर पाहत असते. बहुतेक घरांत हे पंचांग थोड्याफार फरकाने खरे ठरते. काही घरांत मात्र एखादी तिथी उलटून जाते, मग दुसरीही उलटते, आणि आईच्या मनात शंका डोकावू लागते. ही शंका ती प्रथम कोणालाच सांगत नाही. धीर करून सांगितलीच, तर उत्तर ठरलेले असते : "अगं, घाई कशाला करतेस? याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. आता बघ, दुसऱ्याला बोलू देतो का!" सारे हसतात, विषय तेथेच संपतो, आणि आणखी सहा महिने निघून जातात.

आजीच्या या बोलण्यात माया असते, आणि काही तथ्यही असते. सर्व मुले एकाच दिवशी चालू लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान व अमेरिका या पाच देशांतील निरोगी बालकांची पाहणी करून २००६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसण्याचा स्वाभाविक काळ सुमारे ४ ते ९ महिने, आणि आधाराशिवाय चालण्याचा सुमारे ८ ते १८ महिने, असे त्यांत दिसून आले. म्हणजे शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले व आपले पंधराव्या महिन्यात चालले, तर त्यात चिंतेचे काही नाही. परंतु याच आकड्यांचा दुसराही अर्थ आहे. या कालमर्यादेला शेवटचे टोक आहे. ते ओलांडूनही मूल बसत वा चालत नसेल, तर 'उशिरा होईल' असे म्हणून स्वस्थ राहणे हा धीर नव्हे. ती केवळ दिरंगाई होय.

या लेखात आम्हांस एकच गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. साहाय्य घेण्यासाठी रोगाचे नाव कळण्याची वाट पाहू नये. शंका आली, एवढे कारण पुरेसे आहे. निदान यथावकाश होते. पुष्कळदा त्यास महिने लागतात. पण मुलाच्या मेंदूची घडण त्या निदानासाठी थांबून राहत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू जितका संस्कारक्षम असतो तितका तो पुढे राहत नाही. म्हणूनच शंका आणि पहिला उपाय यांमधले अंतर जितके कमी, तितका मुलाचा लाभ अधिक.

कोणत्या खुणा पाहाव्यात

पालकांनी वैद्य व्हावे अशी कोणाचीही अपेक्षा नाही. मात्र काही ठळक खुणा प्रत्येक घराला ठाऊक असाव्यात. तीन महिन्यांचे होऊनही बाळ आईच्या चेहऱ्याकडे पाहून हसत नाही. पाच महिने झाले तरी मान सावरत नाही. अंग सदैव ताठ राहते किंवा अगदीच सैल, लोळागोळा भासते. मुठी सतत मिटलेल्या असतात. नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसता येत नाही. या खुणा शरीराच्या वाढीसंबंधीच्या होत. वर्षाच्या आतील मूल केवळ एकाच हाताने वस्तू घेते व दुसरा हात वापरीतच नाही, ही बाब पुष्कळ घरांत 'डावखुरा दिसतोय' म्हणून कौतुकाची होते. वस्तुतः इतक्या लहान वयात मुले दोन्ही हात सारखेच वापरतात; एकच हात वापरणे ही तपासणीस योग्य अशी खूण आहे.

ऐकण्या-बोलण्याच्या खुणा याहून सूक्ष्म असतात. ताट पडले तरी बाळ दचकत नाही. सहा महिन्यांनंतरही आवाजाच्या दिशेने वळत नाही. वर्षाचे होत आले तरी 'बाबा', 'दादा' असे निरर्थक बोबडे आवाजही काढीत नाही. नावाने हाक मारल्यास पाहत नाही. दीड वर्षाचे झाले तरी हवी असलेली वस्तू बोटाने दाखवीत नाही अथवा एकही अर्थपूर्ण शब्द उच्चारीत नाही. दोन वर्षांचे झाले तरी 'पाणी दे' असे दोन शब्द जोडीत नाही. यांपैकी काहीही आढळल्यास प्रथम कानांची तपासणी झाली पाहिजे. आणि एक खूण अशी आहे की जिच्याबाबत एक आठवडाही दवडू नये : आलेली गोष्ट मूल विसरू लागणे. कालपर्यंत बोलत असलेले शब्द, येत असलेले बसणे वा चालणे नाहीसे होत असेल, तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

काही बालकांकडे मुळातच अधिक लक्ष द्यावे लागते. अपुऱ्या दिवसांची किंवा फार कमी वजनाची बाळे, जन्मतः न रडलेली, तीव्र कावीळ झालेली, झटके आलेली, नवजात शिशूंच्या विशेष कक्षात काही दिवस काढलेली, अशी ही बालके होत. रुग्णालयातून घरी सोडताना 'पुन्हा दाखवायला या' असे सांगितलेले असते. बाळ दूध पिऊ लागले, वजन वाढू लागले, की ती तारीख विसरली जाते. ती विसरू नये.

उशीर कोठे किती महाग पडतो

'लवकर' या शब्दाचा अर्थ प्रत्येक विकारात निराळा असतो. जन्मजात थायरॉइडची उणीव टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून ओळखता येते. पहिल्या दोन आठवड्यांच्या सुमारास गोळी सुरू झाली, तर बुद्धीची हानी टळते. काही महिन्यांनी हीच गोळी सुरू केली तर झालेली हानी भरून येत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मानंतर तीस दिवसांच्या आत व्हावयास हवी. तीत दोष आढळून वेळीच उपचार झाल्यास अंधत्व टळू शकते. जन्मजात मोतीबिंदूत शस्त्रक्रियेचा योग्य काळ आठवड्यांत मोजला जातो. मूल मोठे झाल्यावर काढू, असे म्हटले तर डोळा स्वच्छ होतो, पण पाहावयास शिकण्याचा मेंदूचा काळ निघून गेलेला असतो.

बहिरेपणाबाबत जगभरचे तज्ज्ञ १-३-६ असा सोपा नियम सांगतात. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र वा अन्य साहाय्य. मुकेपणा हा पुष्कळदा स्वतंत्र विकार नसतो. ऐकू न आल्यामुळे बोलणे शिकावयाचे राहून गेलेले असते. आत वळलेल्या पावलांसाठी, डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांच्या पद्धतीने, दर आठवड्यास प्लास्टर बदलीत काही आठवड्यांत पाऊल सरळ करता येते. पुढे सुमारे चार वर्षांच्या वयापर्यंत झोपताना विशेष बूट घालावे लागतात. मोठी शस्त्रक्रिया बहुधा टळते. पण पाऊल सरळ दिसू लागले म्हणून बूट सोडले, की ते पुन्हा वळू लागते.

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, डाउन सिंड्रोम व बौद्धिक वाढीतील उणीव यांचे चित्र याहून वेगळे आहे. या अवस्था औषधाने नाहीशा होत नाहीत, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तरीही लवकर आरंभ केल्याने फार मोठा फरक पडतो. मूल स्वतःच्या हाताने जेवू शकेल की नाही, आपली गरज शब्दांनी, खुणांनी वा चित्रांनी सांगू शकेल की नाही, सांधे आखडून ते अंथरुणास खिळेल की खुर्चीत बसून शाळेत जाईल, या गोष्टी बऱ्याच अंशी पहिल्या वर्षांतील परिश्रमांवर अवलंबून असतात.

एका आईने उघडलेले दार

आज ज्या सोयी आपणांस उपलब्ध आहेत त्या पूर्वी नव्हत्या. मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला गेल्या शतकाच्या चाळिशीत पोलिओ झाला. त्या काळी अशा बालकांसाठी मुंबईसारख्या शहरातही स्वतंत्र उपचारकेंद्र नव्हते. मुलीला घेऊन त्या मद्रासला डॉ. किणी यांच्याकडे गेल्या, पुढे पुण्यास गेल्या. मुलगी सुधारत चालली. पण एवढ्यावर समाधान मानून त्या घरी बसल्या नाहीत. १९४७ मध्ये डॉ. बाळिगा यांच्या साहाय्याने त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त बालकांसाठी चिकित्सालय सुरू केले. पुढे हाजीअली येथे उभ्या राहिलेल्या बालरुग्णालयाचे मूळ या प्रयत्नात आहे. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

त्या काळी आईला दार शोधावे लागले, आणि ते सापडेना तेव्हा स्वतः बांधावे लागले. आता दार उघडे ठेवणे हे शासनाचे कर्तव्य ठरले आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांतील जन्मजात दोष, रोग, पोषणातील उणिवा आणि वाढीतील विलंब या चार बाबी हुडकून काढणे व त्यांवर विनामूल्य उपचार करणे, हा त्याचा हेतू आहे. त्यानंतर दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार मानले होते. नव्या कायद्याने ते एकवीस केले. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन-अक्षमता, थॅलेसीमिया, तसेच छत्तीसगड व विदर्भात अनेक घरांना ठाऊक असलेला सिकलसेल हे त्यांत आले. प्रत्येक बालकाची वर्षातून निदान एकदा तपासणी करण्यासाठी उपाययोजना करावी, असेही हा कायदा शासनास सांगतो. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटातील सुमारे २० लाख ४२ हजार बालके दिव्यांग असल्याची नोंद झाली होती. हे ध्यानात घेता या तरतुदीचे महत्त्व सांगावयास नको.

रायपुरातील वाट

कायदा दिल्लीत होतो. मुलाला घेऊन जावयाचे असते ते आपल्या गावातील एखाद्या इमारतीत. म्हणून एक शहर उदाहरणादाखल घेऊ. रायपूर आणि मराठी माणूस यांचा संबंध जुना आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत रायपूर व नागपूर एकाच राज्यात होते, आणि आजही शेकडो मराठी कुटुंबे तेथे नांदत आहेत. समजा, अशाच एका कुटुंबातील चौदा महिन्यांचे मूल अद्याप बसत नाही. त्याच्या आईने कोठून आरंभ करावा?

सर्वांत जवळचे दार आपल्याच पाऱ्यात असते. छत्तीसगडमध्ये आरोग्यसेविकेला 'मितानिन' म्हणतात. २००२ साली तेथे सुरू झालेली ही योजना देशातील 'आशा' योजनेहूनही जुनी आहे. नवजात बाळाच्या घरी पहिल्या सहा आठवड्यांत ठराविक दिवशी जाऊन त्याची पाहणी करणे हे तिचे काम आहे. अंगणवाडी ताईंचेही साहाय्य घ्यावे. दिव्यांग बालकांना अंगणवाडीत कसे ओळखावे व सामावून घ्यावे, याविषयीची मार्गदर्शिका केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केली आहे. माता-बाल संरक्षण पत्रिका केवळ लसींच्या नोंदीसाठी नसते. बाळाच्या वाढीचे टप्पे त्यात चित्रांसह दिलेले असतात. ते पान अवश्य उघडून पाहावे.

अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शाळांत एकदा तपासणीसाठी डॉक्टरांचे फिरते पथक येते. छत्तीसगडमध्ये या कार्यक्रमास 'चिरायु' असे सुंदर नाव मिळाले आहे. पथकाच्या भेटीचा लाभ जरूर घ्यावा. मात्र शंका आजच आली असेल आणि पथक चार महिन्यांनी यावयाचे असेल, तर तोवर थांबू नये. सरळ जिल्हा पातळीवर जावे.

जिल्हा पातळीवर या कार्यक्रमाचा कणा म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. रायपुरात पंडरी येथील जिल्हा रुग्णालयात या केंद्राची नावानिशी चौकशी करावी. केवळ 'लहान मुलांचे डॉक्टर' विचारल्यास ताप-खोकल्याच्या रांगेत उभे राहण्याची पाळी येते. बालरोगतज्ज्ञ, व्यायामोपचार करणारे, श्रवण व वाणी यांचे जाणकार, मानसतज्ज्ञ, दृष्टितपासनीस आणि विशेष शिक्षक या सर्वांनी एकाच छताखाली बालकाला पाहावे, अशी या केंद्राची योजना आहे. सर्व जागा सर्वत्र नेहमीच भरलेल्या असतात असे नाही. एखादा तज्ज्ञ तेथे नसल्यास 'मग कोठे पाठविता?' असे विचारून चिठ्ठी लेखी घ्यावी. रिकाम्या हाताने परतू नये.

याहून पुढच्या तपासण्यांसाठी शहरात दोन मोठी दारे आहेत. टाटीबंध येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था २०१२ पासून कार्यरत आहे. आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. आंबेडकर रुग्णालय सर्व रायपूर 'मेकाहारा' या नावाने ओळखते. हृदयातील जन्मजात दोषांसाठी नवा रायपूर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात बालकांवर विनामूल्य शस्त्रक्रिया होतात. दुरून-दुरून, अन्य राज्यांतूनही पालक तेथे येतात. सिकलसेलसाठी शहरात स्वतंत्र संस्था आहे. कृत्रिम अवयव व आधारसाधनांसाठी माना येथील पुनर्वसन केंद्र उपयोगी पडते.

रायपूरहून रेल्वेने सुमारे ७० किलोमीटरवर राजनांदगाव आहे. तेथील समेकित क्षेत्रीय केंद्र हे सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेच्या देखरेखीखाली चालते. जून २०२१ मध्ये देशात चौदा ठिकाणी सर्व प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी एकत्रित शीघ्र हस्तक्षेप केंद्रे सुरू झाली, त्यांत राजनांदगावचा समावेश आहे. मुंबई-हावडा मार्गावरच ते असल्याने रायपूर-दुर्गकडील कुटुंबांप्रमाणे गोंदियाकडील मराठी कुटुंबांनाही ते सोयीचे आहे.

मूल थोडे मोठे झाले म्हणजे शाळेचा प्रश्न येतो. मठपुरैना येथे दृष्टिहीन व श्रवणबाधित मुलांसाठी शासकीय विद्यालय आहे. येथील महाराष्ट्र मंडळ समता कॉलनीत दिव्यांग मुलींसाठी विकासगृह चालविते. नाटक, गणेशोत्सव व हळदीकुंकू यांसाठी स्थापन झालेली बृहन्महाराष्ट्रातील मंडळे अशा कामातही किती मोलाची ठरू शकतात, हे यावरून दिसते. प्रत्येक मंडळास विकासगृह चालविणे शक्य नाही. पण आपल्या शहरातील केंद्रांचे पत्ते व वार लिहिलेला एक कागद फलकावर लावणे आणि नवख्या आईबरोबर पहिल्या दिवशी कोणा अनुभवी काकूंना पाठविणे, एवढे तर कोणत्याही मंडळास जमेल.

अन्य राज्यांतील वाचकांनी रायपूरच्या जागी आपल्या जिल्ह्याचे नाव घालावे. नावे बदलतील, मितानिनच्या जागी आशाताई येईल. पण घर, अंगणवाडी, जिल्हा केंद्र, मोठे रुग्णालय हा क्रम बहुतेक तोच राहील.

केंद्रात जावयाचे, पण शाळा घरीच

केंद्रात मुलाला आठवड्यातून एक-दोनदा अर्धा-पाऊण तास मिळतो. उरलेला सारा आठवडा ते घरी असते. म्हणून केंद्रातील अर्धा तास हा मुलावरील उपचारापेक्षाही आईबापांच्या शिक्षणाचा तास समजावा. कसे उचलावे, कसे बसवावे, कोणत्या बाजूने खेळणे धरावे, हे तेथे पाहून घ्यावे व आपल्या हाताने एकदा करून दाखवावे. शक्य तेव्हा वडिलांनीही बरोबर जावे. आजीलाही एकदा न्यावे. तेथे प्रत्यक्ष पाहिल्यावर तिची माया मुलाच्या प्रगतीच्या कामी येते.

घरी यासाठी निराळा वेळ व महाग साहित्य लागत नाही. मालिश करताना आखडलेला पाय सांगितल्याप्रमाणे हलविणे, भाजी निवडताना वाटाणे वाटीत टाकावयास देणे, अंघोळीच्या वेळी नाक, कान, डोळे यांची नावे घेणे, दूध पुढे करण्याआधी मुलाने पाहण्याची किंवा हात पुढे करण्याची क्षणभर वाट पाहणे, हे सर्व उपचारच होत. रोज थोडे आणि नेमाने, हे त्याचे सूत्र आहे.

परराज्यातील मराठी घरांपुढे आणखी एक प्रश्न हमखास येतो. घरात मराठी, अंगणात छत्तीसगढी, केंद्रात हिंदी. मूल बोलत नाही, याचे खापर या तीन भाषांवर फुटते. 'घरात मराठी बंद करा, एकच भाषा बोला' असा सल्ला कोणी ना कोणी देतोच. या सल्ल्यास शास्त्राचा आधार नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या व स्वमग्न मुलांचे कॅनडासारख्या द्विभाषिक देशात जे अभ्यास झाले, त्यांतही दोन भाषा ऐकणारी मुले एकच भाषा ऐकणाऱ्या तशाच मुलांपेक्षा मागे पडलेली आढळली नाहीत. मुलाला येणारे शब्द मोजताना मात्र सर्व भाषांतील एकत्र मोजावेत. 'पाणी' मराठीत आणि 'गेंद' हिंदीत म्हणाले तर ते दोन शब्द झाले. आजी ज्या भाषेत कुशीत घेते, आई ज्या भाषेत अंगाई म्हणते, ती भाषा घरातून काढून टाकली तर मुलाशी बोलणारी माणसेच कमी होतात. ज्याला बोलणे कठीण जाते त्याच्याशी तर अधिक बोलले पाहिजे.

कागदपत्रे आणि पैसा

पहिली गोष्ट अशी की, तपासणी व आरंभीचे उपचार यांसाठी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची आवश्यकता नसते. प्रमाणपत्राचा शिक्का बसेल या भीतीने केंद्राची पायरी न चढणारी कुटुंबे आहेत. ही भीती अनाठायी आहे. प्रमाणपत्र पुढच्या सवलतींसाठी लागते. ते वैद्यकीय मंडळाकडून मिळते व त्यावरून देशभर मान्य असलेले एकच ओळखपत्र दिले जाते. लहान मुलांना ते बहुधा ठराविक मुदतीचे मिळते, कारण वाढत्या वयाबरोबर स्थिती बदलू शकते. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे.

चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या बालकास ६ ते १८ वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा अधिकार आहे, मग ती शाळा नेहमीची असो वा विशेष. शाळेत जाणे शक्य नसलेल्या मुलांना घरी शिकविण्याची तरतूद समग्र शिक्षा योजनेत आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुविध दिव्यांगत्व या चार प्रकारांसाठी १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही विमा योजना आहे. तीत वर्षाकाठी एक लाख रुपयांपर्यंत खर्चाची सोय असून नियमित उपचारांचा खर्चही त्यात अंतर्भूत आहे. सर्व कागद एकाच पिशवीत, तारखेप्रमाणे लावून ठेवावेत. जन्माच्या वेळचा रुग्णालयाचा कागद तर जपूनच ठेवावा. पुढील प्रत्येक डॉक्टर तोच प्रथम मागतो.

खाजगी उपचार घ्यावयाचे झाल्यास त्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेत अथवा तिच्या विषयाच्या अधिकृत परिषदेत नोंदणी आहे काय, हे विचारण्यात संकोच नसावा. 'तीन महिन्यांत पूर्ण बरा करतो' असे जेथे सांगण्यात येते, तेथून नम्रपणे उठावे. स्वमग्नतेवर मूलपेशींचा उपचार म्हणून काही ठिकाणी लाखो रुपये घेतले जातात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच तो अमान्य ठरविला आहे. जमीन वा दागिने विकून विकत घेतलेल्या आशेपेक्षा नेमाने केलेला अर्ध्या तासाचा व्यायाम अधिक फळ देतो.

दोष कोणाचा?

शेवटचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. मुलात उणीव आढळली, की बोटे आईकडे वळतात. गरोदरपणी ग्रहण पाहिले, अमुक खाल्ले, तमुक केले नाही, माहेरच्या रक्तातच दोष, अशी कारणे शोधली जातात. बहुतेक उणिवांचे कारण यांपैकी काहीही नसते. या दोषारोपातून मुलाचे दुहेरी नुकसान होते. जिच्या उमेदीवर त्याची सारी प्रगती अवलंबून, तीच खचते; आणि लोक काय म्हणतील या भयाने शंका लपविली जाते. लपविलेल्या शंकेचा प्रत्येक महिना मुलाच्या खात्यातून वजा होत असतो.

म्हणून सुनेने शंका बोलून दाखविली, तर सासूबाईंनी हसण्यावारी नेऊ नये. पत्नीने सांगितले, तर पतीने 'पुढच्या महिन्यात पाहू' असे म्हणू नये. तपासणीअंती डॉक्टर 'मूल उत्तम आहे' म्हणाले, तर एक सकाळ खर्च झाली एवढेच. त्या दिवशी येताना पेढे आणावेत. आणि काही उणीव आढळलीच, तर ते मूल आदल्या दिवशी जे होते तेच त्या दिवशीही आहे. तेच हसू, तोच हट्ट, तीच झोपताना पदर धरण्याची सवय. बदललेले असते ते इतकेच की, आता त्याला कशाचे साहाय्य हवे हे घराला कळलेले असते.

वाचकांपैकी कोणाच्या घरात असे मूल असेल, अथवा शेजारच्या अंगणात एखादे मूल मागे पडत असल्याचे दिसत असेल, तर हा अंक मिटल्यावर एक काम करावे. आपल्या जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा पत्ता व तपासणीचे वार विचारून घ्यावेत, आणि ते बाळाच्या लसीकरणाच्या पत्रिकेवरच लिहून ठेवावेत. मग येत्या आठवड्यातील एक सकाळ त्यासाठी राखून ठेवावी.